बारच्या आतल्या बाजूने: आयर्लंडमधल्या खेड्यातल्या पबातली नोकरी

लिमरिकला मास्टर्स करायला येणाऱ्या मराठी मुलामुलींचे हल्ली मला बरेच मेसेज येतात. पार्टटाइम नोकरी कशी मिळाली, मुलीने पबात काम करणं कितपत सुरक्षित, टॅक्स किती कापतात, आणि सगळ्यात शेवटी, जरा चाचरत, घरी काय सांगितलंस. प्रत्येकाला तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते. पबचं नाव मुद्दाम देत नाही. गाव एवढंसं आहे आणि ते कुटुंब प्रसिद्धीला हपापलेलं नाही. लिमरिकला लागून असलेल्या क्लेअर काउंटीच्या पूर्व भागात, लॉक डर्ग हे मोठं सरोवर आणि स्लीव्ह ऑटी डोंगररांग यांच्या मधल्या पट्ट्यात, एवढं पुरे. स्कॅरिफ, फीकल, टुला ही त्या बाजूची गावं. आयरिश पारंपरिक संगीत ऐकणाऱ्यांना ही नावं ओळखीची असतील. मला नव्हती.

मी मिरजेची. सप्टेंबर २०२४ मध्ये लिमरिक विद्यापीठात आले. पहिलं सत्र घर शोधणं, थंडी आणि इमिग्रेशनची नोंदणी यात गेलं. नोंदणीचे ३०० युरो भरले की कार्ड येतं. विद्यार्थ्यांना त्यावर ‘स्टँप टू’ मिळतो. त्याचा नियम तोंडपाठ करून ठेवा: कॉलेज चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम, आणि जून ते सप्टेंबर, तसंच १५ डिसेंबर ते १५ जानेवारी, ४० तासांपर्यंत. तुमच्या कॉलेजची सुट्टी कधी लागते याच्याशी या तारखांचा संबंध नाही. मे महिन्यात परीक्षा संपली तरी ३१ मेपर्यंत वीसच तास.

जानेवारीत नोकरी शोधायला लागले. शहरातल्या हॉटेलांना, दुकानांना ईमेल पाठवले, उत्तरं शून्य. लहान पब-कॅफेवाले ईमेल बघत नाहीत, बघितला तरी लक्षात ठेवत नाहीत. कागदावर सीव्ही छापून दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान स्वतः जावं. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, संध्याकाळची सुरू व्हायची असते. मी फेब्रुवारीभर तेच केलं. शेवटी काम मिळालं ते वेगळ्याच वाटेने. वर्गातली एक मुलगी पूर्व क्लेअरची. तिच्या शेजारच्या गावातल्या पबला शुक्रवार ते रविवारसाठी माणूस हवं होतं.

मालकीणबाईंनी फोनवर तीनच प्रश्न विचारले. ट्रे उचलता येतो का? रात्री उशिरापर्यंत थांबायची तयारी आहे का? आणि तू काही वाजवतेस का? मिरज म्हणजे सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांचं गाव, त्यांच्या दुकानांवरून मी शाळेत जायचे, पण तारेला कधी बोट लावलेलं नाही. नाही म्हटलं. म्हणाल्या, “मग बरं. मागच्या पोराला वाजवायचंच असायचं, ग्लास तसेच पडून राहायचे.”

८ मार्चला, शनिवारी, ट्रायल शिफ्ट झाली. ट्रायलचेही पैसे मिळायला हवेत, हा इथला नियम आहे. काही ठिकाणी ‘बघूया कसं जमतं ते’ म्हणून चार तास फुकट राबवून घेतात, तिथे पुन्हा जाऊ नका. मला रात्री निघतानाच तासांचा हिशेब लिहून दिला. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १३.५० युरो, तेच मला मिळायचं. कामाच्या मुख्य अटी पाच दिवसांच्या आत लेखी द्याव्या लागतात. मालकीणबाईंनी त्या हिशेबाच्या वहीतलं पान फाडून, स्वच्छ अक्षरात लिहून दिल्या. ते पान मी अजून जपून ठेवलंय, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी तेच दाखवलं.

पब बाहेरून बघितला तर घरच. दारावर आडनाव रंगवलेलं. ती नुसती हौस नाही, परवानाधारकाचं नाव दारावर असणं कायद्याने बंधनकारक आहे. आत शिरल्यावर डावीकडे बार, उजवीकडे शेगडी, मागे कुटुंबाचं स्वयंपाकघर. बारमागच्या फळ्या चहाच्या डब्यांसाठी आणि खिळ्यांच्या पुड्यांसाठी केलेल्या. पूर्वी अशा बऱ्याच पबांच्या पुढच्या भागात किराणा असायचा. आता तिथे व्हिस्कीच्या बाटल्या आहेत, पण एका कप्प्यात अजून काडेपेट्या आणि बुटांच्या नाड्या मिळतात. विकत घेताना मी कुणाला पाहिलं नाही.

घरच्यांना समजावताना मला एकच उपमा कामाला आली: गावची चावडी. आपल्याकडे ‘बार’ म्हटलं की परमिट रूम आणि अंधारे पडदे डोळ्यांपुढे येतात. इथे रविवारी दुपारी आजी, लेक आणि नातवंडं सूप प्यायला येतात. दफनविधीनंतर सगळे इथेच जमतात. गाय हरवली तर चौकशी इथे. हर्लिंग या आयरिश खेळाच्या सामन्याची चर्चा तर सोमवारपर्यंत पुरते. २०२४ मध्ये क्लेअर ऑल-आयर्लंड विजेते होते, २०२५ मध्ये मे महिन्यातच स्पर्धेतून बाहेर. त्या आठवड्यात बारवर दोन सुतकं एकदम पाळल्यासारखी शांतता होती. मुलांनाही बंदी नाही. मोठ्या माणसाबरोबर रात्री नऊपर्यंत, उन्हाळ्यात दहापर्यंत बसू देतात. आईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आजीला हॉटेल सांगते.” तेवढ्यावर मिटलं.

आता कागदपत्रं. पगारासाठी पीपीएस नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, लागतो. तो फुकट मिळतो, पण ‘कशासाठी हवा’ याचं कारण दाखवावं लागतं, म्हणजे हातात नोकरीची ऑफर हवी. नोकरी आधी, नंबर नंतर. हे उलटं वाटतं, पण तसंच आहे. १० मार्चला ऑनलाइन अर्ज भरला. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि ते वहीतलं पान जोडलं. पत्त्याच्या पुराव्यावरच सगळ्यांचं घोडं अडतं. लाइट बिल घरमालकाच्या नावावर असतं, बँक म्हणते आधी पत्ता दाखवा. विद्यापीठाकडून शिक्क्याचं पत्र आधीच घेऊन ठेवा आणि दोन-तीन प्रती मागा. मग ओळख पटवायला बोलावलं आणि त्यानंतर काही आठवड्यांनी नंबर पोस्टाने घरी आला.

दरम्यान पगार सुरू झाला होता, आणि नंबर नसल्यामुळे इमर्जन्सी टॅक्स. २० तासांचे २७० युरो. त्यातून ४० टक्के आयकर, म्हणजे १०८ युरो, आणि यूएससी नावाच्या करापोटी ८ टक्के, २१ युरो ६० सेंट. हातात १४० युरो ४० सेंट. ती पे-स्लिप बघून मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. मालकीणबाईंच्या थोरल्या मुलाने (पगाराचं काम तोच बघतो) कपभर चहा पुढे ठेवून सांगितलं की हे पैसे बुडत नाहीत.

खरंच बुडत नाहीत. नंबर आला की रेव्हेन्यू या इथल्या करखात्याच्या संकेतस्थळावर ‘मायअकाउंट’ उघडायचं आणि तिथे आपली नोकरी स्वतः नोंदवायची. बऱ्याच जणांचं इथेच राहून जातं. नंबर मालकाला दिला म्हणजे काम झालं असं वाटतं, पण नोंदणी आपणच करायची असते. ती झाल्यावर पुढच्याच पगारात जादा कापलेलं परत आलं. २०२५ साठी एकट्या नोकरदाराला आयकरात एकूण ४,००० युरोची सूट होती. विद्यार्थ्याच्या तासांवर आयकर सहसा त्याखालीच राहतो. वर्षाची कमाई १३,००० युरोंच्या आत असेल तर यूएससीही नाही. जूनपासून चाळीस तास झाले तेव्हा पीआरएसआय (सामाजिक विम्याचा हप्ता) मात्र कापला जाऊ लागला, आठवड्याला २२ युरोंच्या आसपास.

एवढ्या कागदांत कामाचं राहूनच गेलं. मार्चमध्ये सेंट पॅट्रिक्स डेचा जोडून आलेला शनिवार-रविवार-सोमवार म्हणजे माझी मुंज. त्याच्या आधी गिनेस ओतायला शिकावं लागलं. ग्लास ४५ अंशांत तिरका धरायचा, पाऊण भरायचा, आणि ठेवून द्यायचा. आत तपकिरी ढग खाली-खाली उतरताना दिसतात, तळापासून काळा रंग वर चढतो. ढग पूर्ण बसले की नळाची मूठ मागे ढकलून वरचा साय-थर चढवायचा. कंपनीने याची वेळ ११९.५ सेकंद ठरवून दिलीय. बारवरच्या म्हाताऱ्यांना सेकंद मोजता येत नाहीत, पण घाई केलेला पाइंट ते लांबून ओळखतात आणि काही न बोलता नुसते बघत राहतात. बोललेलं परवडलं. सहा जणांची ऑर्डर आली की सहाही ग्लास पाऊण भरून ओळीने ठेवायचे, तोवर बाकीची पेयं द्यायची.

टिप्सबद्दल विचारतात. बारवर टिप द्यायची पद्धत जवळपास नाही. “आणि एक तुझ्यासाठी,” असं मात्र म्हणतात. मी पीत नाही हे कळल्यावर माझ्या नावाने चहा लिहिला जाऊ लागला. सुरक्षिततेचं म्हणाल तर शहरातल्या नाइटक्लबपेक्षा इथे मला कमी भीती वाटली, कारण प्रत्येक माणूस कुणाचा तरी चुलतभाऊ असतो. एकदा एक पाहुणा जरा जास्तच जवळ येऊन बोलायला लागला. मी काही म्हणायच्या आत शेजारच्या स्टुलावरचे शेतकरी काका उठून आमच्या दोघांच्या मधे येऊन बसले आणि त्याला पावसाबद्दल विचारायला लागले. ते पाऊस या विषयावर अर्धा तास बोलू शकतात. पाहुणा गेला.

१ जूनला वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहायला गेले, कारण रात्री परतीची बस नाही. दिवसा लोकल लिंकच्या बसगाड्या आहेत, त्यांचं वेळापत्रक फोनमध्ये ठेवा. राहण्या-जेवणाचे पैसे पगारातून धरायचे असतील तर कायद्याने ठरलेल्या मर्यादेतच धरता येतात, हे आधी बोलून घ्या. सकाळी प्रबंध, संध्याकाळी बार असा क्रम लागला. आणि बुधवार आला.

शनिवारी गाणं-वाजवणं व्हायचंच, पण खरं सेशन बुधवारी. साडेनऊला सुरू. ठरावीक मोबदल्यावर दोनच जण येतात, एक फिडल (म्हणजे व्हायोलिन) वाजवणारे आजोबा आणि एक कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी) वाजवणारी शाळामास्तरीण. सेशन नक्की होणार याची ती हमी. बाकीचे आपखुशीने: फ्लूट, बटन अकॉर्डियन, कधी इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप. बौरान नावाचा हातडफ एकाच्याच हाती, दुसरा कुणी पिशवीतून काढायला लागला की सगळे छताकडे बघतात. नोटेशन कुणापुढे नाही. आठ-आठ मेझरचे (तालाच्या लहान खंडांचे) दोन भाग, प्रत्येक दोनदा, असा एक रील (नाचाची एक चाल) दोन-तीनदा वाजतो आणि न थांबता दुसऱ्यात शिरतो. पूर्व क्लेअरचं वाजवणं संथ आणि काहीसं उदास, असं जाणकार म्हणतात. फिडलवादक मार्टिन हेज याच भागातला. त्याचे वडील पी. जो हेज टुला केली बँडमध्ये होते. तो बँड १९४६ चा. बारवर ही नावं घरच्या माणसांसारखी निघतात.

मला शिकवलं ते वेगळंच. नऊ वाजता शेगडीजवळचं टेबल पुसायचं. त्यावर ‘राखीव’ची पाटी नसते, पण तिथे बसलेल्या पर्यटकांना गोड बोलून खिडकीशी हलवायचं. हाताच्या खुर्च्या काढून स्टुलं ठेवायची, नाहीतर फिडलचा कोपर आपटतो. टीव्ही बंद. बर्फाची बादली साडेनऊच्या आत भरून ठेवायची, कारण नंतर फावड्याचा आवाज नको. ग्लास धुण्याचं मशीन दोन सुरावटींच्या मधल्या गप्पांत लावायचं. मागच्या बाजूने फिरून रिकामे ग्लास उचलायचे, वादकांच्या मधून हात घालायचा नाही. कोण काय घेतं ते पाठ करायचं: आजोबांना चहा, शाळामास्तरणीला झीरो-अल्कोहोल बिअर, कारण दोघंही गाडीने जातात. गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे आणि २०१८ पासून ती ओलांडली की परवाना थेट निलंबित होतो. खेड्यातल्या पबांना याचा फटका बसला हे सगळे मान्य करतात, कायदा चुकीचा आहे असं मात्र फार कुणी म्हणत नाही. थोरला मुलगा आपल्या व्हॅनने रात्री चार-पाच जणांना घरी सोडतो. मधल्या फेरीत कुणाचं तरी कुत्रंही असायचं.

आणि मग गाणं. मधेच कुणीतरी एखाद्या बाईला किंवा म्हाताऱ्याला “तू म्हण” असं म्हणतं. साथीला काही नाही, नुसता आवाज. अशा वेळी बारमागच्या माणसाने हालचाल थांबवायची. नळ सोडायचा नाही. ऑर्डर द्यायला आलेला माणूस हातात नोट धरून तसाच उभा राहतो, भुवया उंचावून मी त्याला कळवते की कळलं. गल्ल्याचा ड्रॉवर उघडताना ‘टिंग’ वाजतो, म्हणून मालकीणबाई गाण्याआधीच तो बोटभर उघडा ठेवतात. फ्रीज गुरगुरायला लागला की त्या त्याच्याकडे अशा बघतात, की वाटावं तो थांबेल. पहिल्या काही बुधवारी मी गाणं ऐकलंच नाही, नुसती आवाज टाळत होते. जुलैत कधीतरी लक्षात आलं की आवाज टाळता टाळता मला चाली ओळखू यायला लागल्या आहेत.

एका बुधवारी मलाही म्हणायला सांगितलं. इथे मी अभंग म्हटला आणि सगळं पब स्तब्ध झालं, असं लिहायला फार आवडलं असतं. मी नाही म्हटलं, ट्रे उचलला, आणि कुणी आग्रह केला नाही. नकार दिला तर चालतो, घाबरू नका.

फिडलवाल्या आजोबांकडून एक गोष्ट कळली. त्यांच्या वडिलांच्या काळात पबात वाद्यं वाजत नसत. नाच आणि वाजवणं घरोघरच्या स्वयंपाकघरांत चाले. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचासाठी परवाना सक्तीचा केला, पाद्री आणि पोलीस घरातल्या नाचांवरही घसरले, आणि ती प्रथा मोडत गेली. पबात बसून वाजवायची पद्धत रुळली ती पुढे, आधी लंडनला मजुरीला गेलेल्या आयरिश माणसांत, मग १९५०-६० च्या दशकांत इथे. जे मी प्राचीन समजत होते ते आजोबांपेक्षा लहान निघालं. त्यांना ते सांगताना मजा येत होती.

दर जुलैत (२०२५ मध्ये ५ तारखेपासून) आठवडाभर पश्चिम क्लेअरला मिलटाउन मालबेमध्ये विली क्लॅन्सी समर स्कूल असतं. इलन पाइप्स वाजवणारे विली क्लॅन्सी १९७३ मध्ये गेले, त्याच वर्षी सुरू झालं. सगळे वादक तिकडे, त्यामुळे ९ जुलैचा बुधवार ओस. सुट्टी हवी असेल तर तो आठवडा मागा. ऑगस्टमध्ये मात्र उलट, फीकलचा महोत्सव आमच्याच बाजूला, त्या दिवसांत सुट्टी मागूच नका. तेव्हा तासांकडे लक्ष ठेवा. गर्दीत चाळीसच्या वर कधी गेलो ते कळत नाही, आणि कार्ड तुमचं आहे, पबचं नाही. मी फ्रिजवर कागद चिकटवला होता आणि रोज रात्री तास लिहायचे. साडेचार तासांनी पंधरा मिनिटं, सहा तासांनी अर्धा तास विश्रांती हा हक्क आहे. एका शिफ्टनंतर दुसरीपर्यंत अकरा तास. फेस्टिव्हलमध्येही मालकीणबाईंनी ते पाळलं. स्वतः मात्र बसलेल्या मी पाहिल्या नाहीत.

बंद करण्याची वेळ सोमवार ते गुरुवार साडेअकरा, शुक्रवार-शनिवार साडेबारा, रविवारी अकरा. त्यानंतर पिऊन संपवायला अर्धा तास. नळ बंद करणं सोपं असतं. “शेवटची एकच” म्हणणाऱ्या वादकांना उठवणं अवघड. दिवे लावायचे, खुर्च्या उलट्या टाकायच्या, पण शेगडीजवळच्या सोडून.

ऑगस्टअखेर मी काम सोडलं तेव्हा मालकीणबाई टॅक्स क्लिअरन्सच्या मागे होत्या. परवान्याचं दरवर्षी सप्टेंबरअखेर नूतनीकरण असतं आणि कर थकलेला असेल तर ते अडतं. २००५ पासून देशात दोन हजारांच्या आसपास पब बंद झाले, बरेचसे असेच खेड्यातले. थोरला मुलगा पुढे चालवणार का, हे विचारायचं मी टाळलं. तोही टाळतो.

नोकरी सोडताना मालकाने पेरोलमध्ये शेवटची तारीख टाकलीय ना, ते मायअकाउंटमध्ये तपासा. पूर्वीचा पी-४५ नावाचा कागद २०१९ पासून मिळत नाही. शिफारसपत्र निघायच्या आधीच मागून घ्या. वर्ष संपल्यावर जानेवारीत ‘स्टेटमेंट ऑफ लायबिलिटी’, म्हणजे वर्षभराच्या कराचा हिशेब, मागवा. जादा कापलेलं काही राहिलं असेल तर खात्यात येतं. चार वर्षांपर्यंत मागता येतं, त्यामुळे भारतात परतलात तरी आयरिश बँक खातं घाईने बंद करू नका.

त्या भागात पुढच्या उन्हाळ्यासाठी काम हवं असेल तर सेंट पॅट्रिक्स डे झाल्यावर लगेच विचारायला लागा. मे महिन्यात जागा भरलेल्या असतात. ईमेल नको, फोन करा, तोही दुपारी तीननंतर. त्याआधी फोन घेणारं माणूस तळघरात पिंपं बदलत असतं. आणि काही वाजवता का विचारलं तर खरं ते सांगा.